बुरशीच्या हाती कार्बनचे कोठार

उत्तर स्वीडनमधल्या पाइनच्या जंगलात मूठभर माती उकरली, तर बारीक मुळांच्या टोकांवर बुरशीचे मऊ आवरण दिसते. तिथून निघालेले, केसाहूनही बारीक तंतू मुळे पोचत नाहीत तिथला नायट्रोजन झाडाला आणून देतात आणि बदल्यात साखर घेतात. पण खरे नवल पुढेच आहे. हॉर्नावान आणि उड्डयाउरे या तलावांतल्या बेटांवरची माती तपासून संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की तिथे साठलेला ५० ते ७० टक्के कार्बन मुळे आणि त्यांच्या सोबतचे सूक्ष्मजीव, मुख्यतः बुरशी, यांच्याकडून आलेला आहे. तोवर हिशेब मुख्यतः पालापाचोळ्यावर मांडला जाई! सरसकट जंगलतोड झाली, की साखर बंद आणि ही बुरशीही बहुतांशी संपते. तोड करायचीच असेल, तर मधूनमधून जिवंत झाडे राखायलाच हवीत.