क्वेकर शाळा

‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ ऊर्फ क्वेकर या ख्रिस्ती पंथाने स्थापन केलेल्या अथवा त्याच्या आचारतत्त्वांनुसार चालविल्या जाणाऱ्या शाळा. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) यांनी १६६८ मध्ये लंडनजवळील वॉल्थम व शॅकलवेल येथे शाळा काढण्याचा सल्ला अनुयायांना दिला. त्यांपैकी शॅकलवेलची शाळा मुलींसाठी होती, ही त्या काळी असाधारण गोष्ट होय. इंग्लंडच्या विद्यापीठांतील धर्मविषयक अटी १८७१ मध्ये पूर्णतः रद्द होईपर्यंत प्रस्थापित चर्चबाहेरच्या लोकांची तेथे अडवणूक होत असे. त्यामुळे या पंथाने स्वतःच्या शाळांकडे विशेष लक्ष पुरविले.

प्रत्येक मनुष्याच्या अंतरी ईश्वरी प्रकाश असतो, ही क्वेकरांची मूळ श्रद्धा. तीतून धर्मोपदेशक, बाप्तिस्मा व शपथ यांचा अव्हेर, मौन उपासना, साधी राहणी, समता आणि युद्धविरोध ही तत्त्वे निघाली. हा प्रकाश मुलातही असेल, तर त्याला छडी मारणे किंवा वर्गात खालचा नंबर देऊन हिणवणे समर्थनीय कसे ठरेल, हा प्रश्न त्या श्रद्धेतच अनुस्यूत आहे; परंतु क्वेकर शाळांना तो उमगण्यास बराच काळ लागला. जॉन फॉदरगिल या वैद्याच्या पुढाकाराने १७७९ मध्ये यॉर्कशरमध्ये निघालेल्या ॲकवर्थ शाळेत बेताच्या परिस्थितीतील क्वेकरांची मुले व मुली शिकत. पण मुलांना बाहेरच्या जगापासून जपण्याच्या हेतूने तेथील जीवन अत्यंत कठोर ठेवले होते. संगीत, नाटक व कादंबरी क्वेकरांना वर्ज्य असल्याने त्यांच्या शाळांत मुलांची जिज्ञासा निसर्गनिरीक्षणाकडे व विज्ञानाकडे वळली. अणुसिद्धांताचे प्रवर्तक जॉन डाल्टन हे केंडल येथील क्वेकर शाळेत शिक्षक होते.

आज या शाळांचे वेगळेपण अभ्यासक्रमापेक्षा दिनक्रमात दिसते. सर्व विद्यार्थी व शिक्षक ठरावीक वेळी एकत्र निःशब्द बसतात. कोणास काही सांगावेसे वाटले, तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो व पुन्हा शांतता पसरते. त्यावर वादविवाद होत नाही. क्वेकरांच्या कामकाजाच्या सभेत मतदान नसते. चर्चेअंती सभेचा कौल काय दिसतो, हे चिटणीस शब्दबद्ध करतो. मतैक्य नसल्यास निर्णय पुढे ढकलला जातो. अनेक शाळांत विद्यार्थ्यांचे प्रश्नही याच रीतीने हाताळले जातात. ही रीत संथ आहे व घाईच्या पालकास ती वेळेचा अपव्यय वाटण्याचा संभव आहे. मात्र अल्पमतातील मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाते, ते या संथपणामुळेच.

अन्यधर्मीय पालकाच्या मनात प्रथम धर्मांतराची शंका येते. क्वेकरांचा ठरीव धर्ममताचा मसुदा नाही, त्यामुळे तो मुलाकडून वदवून घेण्याचा प्रश्न येत नाही. तरीही मौनसभा ही मूलतः उपासना आहे, हे पालकाने जाणून असावे. ब्रिटन व अमेरिकेतील बहुतेक क्वेकर शाळांत आता विद्यार्थी आणि शिक्षक बहुसंख्येने पंथाबाहेरचे आहेत.

केवळ नावावर विसंबणे इष्ट नव्हे. जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) या क्वेकर शिक्षकाने १७९८ मध्ये लंडनमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढून, मोठ्या विद्यार्थ्यांकरवी लहानांना शिकविण्याची पद्धती रूढ केली. छडी त्याने टाळली; पण शिक्षा म्हणून मुलांना पिंजऱ्यात वा टोपलीत घालून छताला टांगण्याची युक्तीही त्याचीच. फिलाडेल्फियात अँटनी बेनेझेट (१७१३–८४) या क्वेकराने कृष्णवर्णीय मुलांना शिकविले, तर वॉशिंग्टनच्या ‘सिडवेल फ्रेंड्स’ या १८८३ मध्ये स्थापन झालेल्या शाळेत कृष्णवर्णीयांच्या प्रवेशास १९५६ मध्ये सुरुवात झाली. अशा अनेक शाळांचे शुल्क आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे आणि साधेपणाच्या तत्त्वाशी त्याचा मेळ बसत नाही. म्हणून मौनसभेस शिक्षकही बसतात का, मुलांतील भांडण कसे मिटविले जाते, शुल्कात सवलत किती जणांस मिळते, यांची चौकशी माहितीपत्रकापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

भारतात रेचेल मेटकाफ या १८६६ मध्ये आल्यानंतर ब्रिटिश क्वेकरांचे कार्य पुढे नर्मदेकाठच्या होशंगाबाद भागात स्थिरावले. नागपूर ही राजधानी असलेल्या तत्कालीन मध्य प्रांतात हा भाग मोडत असे. तेथील रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ व ‘किशोर भारती’ या संस्थांनी १९७२ मध्ये सोळा माध्यमिक पूर्व शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षण सुरू केले. खेड्यातील मुले स्वतः प्रयोग करीत व परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहीत. राज्य शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला.

महाराष्ट्राशी या परंपरेचा सर्वांत जवळचा संबंध सेवाग्राम येथे आला. मार्जोरी साइक्स (१९०५–९५) या मद्रासमध्ये अध्यापन करीत असताना १९३६ मध्ये क्वेकर झाल्या आणि शांतिनिकेतननंतर सेवाग्रामला येऊन त्यांनी नई तालीमच्या शिक्षकांना प्रशिक्षण दिले. हस्तव्यवसाय, सामुदायिक सफाई, सर्वधर्मप्रार्थना व मुलांचे स्वयंशासन यांत त्यांना आपल्या पंथाच्या तत्त्वांचे प्रतिबिंब दिसले, तर नवल नाही. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा मध्यंतरी बंद पडली व २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

कोल्हापुरात मिशन शाळांची परंपरा क्वेकरांची नव्हे. रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये येथे आले व त्यांचे मिशन पुढे प्रेसबिटेरियन पंथाकडे गेले. त्या पंथात धर्मोपदेशक, बाप्तिस्मा व बायबलचे पाठ यांना स्थान आहे. समतेचा प्रश्न या संस्थानात वेगळ्या वाटेने पुढे आला. शाहू महाराजांनी जातवार वसतिगृहे उभारली व १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. मूल शाळेत येणे हा येथील पहिला प्रश्न होता. आल्यावर त्याला कसे वागविले जाते, हा दुसरा. लीला पाटील (१९२७–२०१२) यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या ‘सृजन आनंद विद्यालय’ या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत हा दुसरा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आणि धाकाऐवजी अनुभव, संवाद व आनंद यांवर भर दिला. त्या शाळेचा क्वेकरांशी संबंध नाही. परंतु परदेशातील निवासी क्वेकर शाळेचा विचार करणाऱ्या पालकास, तेथे मूल घरापासून व मराठीपासून दुरावते हे लक्षात घेता, तुलनेसाठी ती अधिक जवळची आहे.