अजगर आणि दुसरा माणूस



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस अजगरावर काय बोलणार, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा या विषयाकडे मी कसा वळलो, ते आधी सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका प्राणिसंग्रहालयातील कामगारांचे गाऱ्हाणे घेऊन मी तेथील अधिकाऱ्यांपुढे बसलो होतो. सर्पगृहात एका पाळीला दोन रखवालदार असत. त्यांतला एक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरली गेली नाही. उरलेल्या माणसाने एकट्याने अजगराच्या पिंजऱ्यात जावे, साफसफाई करावी, पाणी बदलावे, असे ठरले. आम्ही हरकत घेतली, तेव्हा अधिकारी शांतपणे म्हणाले, "अजगर विषारी नसतो. पिंजरा झाडायला दोन माणसे कशाला?"

मला उत्तर देता आले नाही. ज्याची बाजू मांडायची त्याचे काम आपल्याला ठाऊक नाही, याहून पुढाऱ्याची मोठी नामुष्की कोणती? त्या दिवसापासून शब्दकोश शेजारी ठेवून मी या विषयावर मिळेल ते वाचले. त्यातून हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

अजगर, बोआ आणि ॲनाकोंडा हे भक्ष्याला विळख्यात आवळून मारणारे साप. त्यांना विष नाही, हे खरे. पण दात पुष्कळ असतात, आणि ते घशाच्या दिशेने वळलेले असतात. साप प्रथम दातांनी भक्ष्य पकडतो आणि क्षणार्धात अंगाची वेटोळी त्याच्याभोवती टाकतो. हा विळखा हाडांचा चुरा करतो, असा समज आहे. तो चुकीचा आहे. भक्ष्य केवळ गुदमरून मरते, असेही पूर्वी मानले जाई. अमेरिकेतील डिकिन्सन महाविद्यालयाचे स्कॉट बोबॅक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली दाखवून दिले, की बोआच्या विळख्यात सापडलेल्या उंदराचे रक्ताभिसरणच काही सेकंदांत कोलमडते. हृदयाला रक्त पुढे ढकलता येत नाही आणि मेंदूला ते पोचत नाही. त्याआधी २०१२ साली त्याच मंडळींनी मेलेल्या उंदरात कृत्रिम हृदय बसवून ते धडधडत ठेवले. ठोके चालू होते तोवर बोआ आवळतच राहिला. म्हणजे भक्ष्याचे हृदय चालू आहे की थांबले, हे त्याला अंगाने कळते.

हे प्रयोग उंदरावरचे, माणसावरचे नव्हेत. परंतु मोठ्या सापाचा विळखा छातीला किंवा मानेला बसला, तर माणसाजवळही वेळ फार थोडा उरतो. धावा करायला श्वास लागतो, आणि नेमका तोच कोंडलेला असतो. शेजारच्या खोलीतील माणसालाही काही ऐकू जात नाही.

आता हा प्रश्न मुख्यतः कोठे उभा राहिला ते पाहू. अमेरिकेत आणि इंग्लंडात असे साप हौसेने घरी पाळतात. ब्रह्मदेशी अजगराचे पिल्लू विकत घेताना दीड-दोन फुटांचे असते, दिसायला देखणे असते. तीन-चार वर्षांत तेच दहा फुटांच्या पुढे जाते. मग काहींनी कंटाळून ते रानात सोडले, काही निसटले. फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्सच्या पाणथळ प्रदेशात आज त्यांची वस्तीच झाली आहे. २०२३ साली तेथे १९ फुटांचा अजगर पकडला गेला. अमेरिकेने २०१२ साली ब्रह्मदेशी अजगरासह अशा चार जातींची आयात बंद केली.

आता काही अपघात पाहा. १९९६ साली न्यू यॉर्कमध्ये १९ वर्षांचा एक तरुण आपल्या १३ फुटी अजगराला कोंबडी घालण्याच्या तयारीत असताना मारला गेला. २००८ साली व्हेनेझुएलातील काराकास येथील प्राणिसंग्रहालयात रात्रपाळीला असलेला २९ वर्षांचा एक विद्यार्थी सुमारे दहा फुटांच्या अजगराच्या पिंजऱ्यात एकटा शिरला. एकट्याने शिरायचे नाही, असा तेथे नियम होता. सहकाऱ्यांना तो सापडला तेव्हा उशीर झालेला होता. २०१७ साली इंग्लंडात ३१ वर्षांचा एक जाणकार हौशी आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळला. त्याचा आफ्रिकी अजगर केवळ आठ फुटांचा होता. यांतला कोणीही सापाला भिणारा किंवा साप प्रथमच पाहणारा नव्हता. वयाने, देशाने, शिक्षणाने ते निरनिराळे होते. साम्य एवढेच, की त्या क्षणी हात देणारे कोणी जवळ नव्हते.

अजगर पाळणाऱ्यावर का उलटतो? त्याच्या मनात वैर नसते. तसेच मायाही नसते, हे पाळणाऱ्यांनी विसरू नये. त्याचे जग वासाचे आणि उष्णतेचे. अजगराच्या ओठांवर बारीक खळगे असतात. त्यांनी त्याला समोरच्या अंगाची ऊब कळते. हाताला उंदराचा किंवा कोंबडीचा वास असला आणि हात ऊबदार असला, तर त्याच्या लेखी ते अन्नच. त्याची चूक सेकंदाची असते. ती दुरुस्त करायला आपल्याला मात्र माणूस लागतो.

म्हणून जाणत्यांनी जे नियम घालून घेतले आहेत, ते कारणांसह सांगतो.

पहिला नियम दुसऱ्या माणसाचा. आठ फुटांच्या पुढचा साप एकट्याने हाताळायचा नाही. साप जितका लांब, तितकी माणसे अधिक. दर चार-पाच फुटांना एक, असा हिशेब पुष्कळजण धरतात. आणि दुसरा माणूस म्हणजे हजेरीपटावरचे नाव नव्हे. तो तेथेच, हात मोकळे ठेवून उभा पाहिजे. "मी जरा चहा घेऊन येतो" म्हणणारा माणूस नसल्यातच जमा.

दुसरा नियम वासाचा. सापाला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवायचे. हाताळून झाल्यावर पुन्हा धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर पोट बिघडवणारे जंतू असतात. खाद्य हाताने द्यायचे नाही. लांब चिमट्याने द्यायचे. साप उचलण्यापूर्वी लोखंडी आकडीने त्याच्या अंगाला हलका स्पर्श करायचा, म्हणजे आज जेवण नाही, हे सवयीने त्याला कळते. खाल्ल्यानंतर काही दिवस त्याला उचलायचे नाही. कात टाकण्याआधी त्याचे डोळे दुधाळ होतात, त्याला नीट दिसत नाही; तेव्हाही त्याच्या वाटेला जायचे नाही.

तिसरा नियम मानेचा. साप कितीही गरीब वाटो, तो गळ्यात घालायचा नाही. तोल सावरण्यासाठी त्याने घातलेले वेढेही मानेला महाग पडतात.

चौथा नियम सुटकेचा. विळखा बसलाच तर मधले वेटोळे ओढू नये. दुसऱ्या माणसाने शेपटीचे टोक धरून तिकडून एकेक वेटोळे उलगडत यावे. कारण शेपटीकडे जोर सर्वांत कमी असतो. चावा घेतला असेल तर हात हिसडू नये. दात मागे वळलेले असल्याने जखम फाटते. सापाच्या तोंडात थोडे मद्य ओतले की तो बहुधा पकड सोडतो, म्हणून परदेशातील पाळणारे एक बाटली जवळ ठेवतात. आपल्याकडे परवाना लागतो. आणि ती सापासाठी आहे, हे कोणाला पटवणार हा वेगळा प्रश्न!

पाचवा नियम कुलपाचा. २००९ साली फ्लॉरिडात दोन वर्षांची एक मुलगी घरातल्याच साडेआठ फुटी, उपाशी ठेवलेल्या अजगराला बळी पडली. त्याच्या काचपेटीला कुलपाचे झाकण नव्हते. वर गोधडी होती. २०१३ साली कॅनडात चार आणि सहा वर्षांचे दोघे भाऊ झोपेतच गेले; अजगर हवेच्या नळीतून त्यांच्या खोलीत आला होता. मोठ्या माणसाने आपल्या हौसेचा धोका स्वतः पत्करला, असे कदाचित म्हणता येईल. लेकरांना कोणी विचारले होते?

आपल्या देशात भारतीय अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तो पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी साप बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी करावी लागते. परंतु नोंदणीचा कागद विळखा सोडवायला येत नाही. ऊसतोडणीत किंवा विहिरीत अजगर निघाला, तर गर्दी हटवून वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. आणि आपल्या सर्पमित्रांना माझी हात जोडून विनंती आहे: अजगर धरताना जोडीदार घ्या, आणि छायाचित्रासाठी तो गळ्यात घालू नका. तुमचे पाहून उद्या चौथीतला पोर तेच करील.

आता त्या प्राणिसंग्रहालयाची हकीकत पुरी करतो. हे सारे एका कागदावर लिहून मी पुन्हा तेथे गेलो. या खेपेस त्या रखवालदारालाही सोबत नेले. त्याची नोकरी वीस वर्षांच्या वर झालेली. अधिकाऱ्यांनी त्याला विचारले, "इतकी वर्षे काढलीस, अजून तुला अजगराची भीती वाटते?" तो माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, साहेबांना सांगा, भीती वाटत नाही म्हणूनच दुसरा माणूस पाहिजे."

बाष्पकासमोर, यंत्राच्या पट्ट्याजवळ, गटाराच्या तोंडाशी जे मी तीस वर्षे सांगत आलो, ते त्याने एका वाक्यात सांगितले. नवखा माणूस भीतीने जपतो. जुन्याची भीती सवयीने झिजते, आणि तिच्या जागी नियम लागतो. शंभर वेळा काही झाले नाही, हा एकशे एकाव्या वेळेचा दाखला नव्हे.

रिकामी जागा अजून भरलेली नाही. मात्र अजगराच्या पिंजऱ्यात जायच्या वेळी बागेकडचा एक माणूस दाराशी उभा करायचा, असा लेखी हुकूम निघाला. तो पाळला जातो की नाही, हे पाहायला मी अधूनमधून तिकीट काढून जातो.