धाराशिवच्या मुली आणि खोखोचें मैदान

धाराशिव जिल्ह्याचें नांव निघालें कीं सामान्य मराठी घरांत प्रथम तुळजापूरची भवानी आठवते. इतिहासाची गोडी असणारास परंड्याचा व नळदुर्गचा किल्ला आठवतो. पुराणवस्तूंच्या जिज्ञासूस तेर, म्हणजे प्राचीन तगर, आठवतें. कोणास अवर्षण आणि पाण्याचे टँकर आठवले तर त्यासहि दोष देतां येणार नाहीं. परंतु या यादींत गेल्या कांहीं वर्षांत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे, आणि ती भर कोणा राजानें वा धनिकानें घातलेली नसून शाळेंत जाणाऱ्या मुलींनीं घातली आहे. ती गोष्ट म्हणजे खोखो.

सातव्या निजामाच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव जाऊन २०२३ सालीं जिल्ह्यास धाराशिव हें जुनें नांव शासनानें पुन्हां दिलें. पण त्यापूर्वींच खोखोच्या मैदानावर ‘उस्मानाबादच्या मुली’ या दोन शब्दांना मान मिळूं लागला होता. पुणें, मुंबई, ठाणें, सांगली अशा जुन्या व संपन्न केंद्रांच्या पंक्तीला या कोरडवाहू जिल्ह्याच्या मुली कशा जाऊन बसल्या, आणि त्यांच्या खेळाविषयीं गांवोगांव जी चर्चा चालते ती कितपत योग्य दिशेनें चालते, याचा थोडा विचार आम्ही येथें करणार आहों.

खोखो आपल्या घरांतील वडील मंडळीस नवा नाहीं. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें या खेळास नियमांची चौकट घालून दिली, आणि अंगणांतला खेळ सामन्यांचा खेळ झाला. १९५९-६० सालीं विजयवाडा येथें पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. तेव्हांपासून महाराष्ट्र हा या खेळाचें माहेरघर म्हणूनच ओळखला जातो. ज्या जिल्ह्यांत पैसा थोडा आणि मोकळी जमीन पुष्कळ, तेथें हा खेळ रुजावा यांत नवल नाहीं. त्यास बॅट नको, जाळें नको, महागडे बूटहि नकोत. दोन खांब, चुन्याच्या रेषा आणि मुलांकडे लक्ष देणारा एक शिक्षक एवढ्यावर त्याचा संसार उभा राहतो. या तिन्हींत दुर्मिळ काय, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

ज्या भगिनींनीं लहानपणीं खोखो खेळून पुढें मैदानाकडे पाहिलें नसेल, त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें बरें. पारंपरिक पद्धतींत एका बाजूचे आठ गडी मधल्या पट्टींत आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. दुसऱ्या बाजूचे तीन-तीन गडी तुकडीनें मैदानांत उतरतात. पळणारास बसलेल्यांच्या मधून कोठूनहि जातां येतें. पाठलाग करणारास मात्र मधली पट्टी ओलांडण्याची किंवा एकदां धरलेली दिशा खांबापर्यंत पोंचण्यापूर्वीं बदलण्याची मुभा नसते. म्हणून तो बसलेल्या सोबत्यास खो देतो, आणि पाठलागाचें काम त्याच्याकडे जातें. मोठ्यांचा एक डाव नऊ मिनिटांचा. त्यांत एखाद्या मुलीनें एकटीनें अडीच-तीन मिनिटें पळती राखली, तर बघ्यांच्या माना आपोआप हलूं लागतात.

हे बघे म्हणजे या खेळाचें दुसरें बळ. जिल्ह्याची चाचणी जवळ आली कीं चहाच्या टपरीवर, शाळेच्या कट्ट्यावर, एस.टी.च्या थांब्यावर एकच विषय. या वर्षीं किशोरी गटांतून वर कोण येणार? अमक्या तालुक्याची ती सडपातळ मुलगी खांबावर कशी झेपावते, पाहिलें काय? गेल्या वर्षींची संरक्षक यंदां जड झाली कीं काय? चौदा वर्षांखालील किशोरी, अठरा वर्षांखालील कुमारी आणि त्यापुढें खुला गट, अशा या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर जिल्हा, मग राज्य, मग देश. एकेका मुलीचा प्रवास ही मंडळी पंचांगांतील ग्रहांसारखा तोंडपाठ ठेवतात. ज्या गांवांत मुलीच्या नांवाचा उच्चार एरवीं लग्नाच्या बोलण्यांतच व्हावयाचा, तेथें तिच्या पायांच्या चपळाईवर चारचौघांत आदरानें वाद होतो, हा लहान पालट नव्हे. म्हणून या चर्चेला हंसावें असें आम्हांस वाटत नाहीं. ती अधिक जाणती व्हावी एवढेंच म्हणणें आहे.

निवड करतांना बघ्यांची दृष्टि बहुधा वेगावर खिळते. सरळ रेषेंत जी मुलगी सर्वांपुढें धांवते तीच उत्तम, असा सोपा हिशेब असतो. पण खोखो हा सरळ धांवण्याचा खेळच नव्हे. येथें चार पावलांत थांबणें, वळणें, हुलकावणी देणें, आणि पाठलाग करणाऱ्याच्या खांद्यावरून त्याचें पुढचें पाऊल ओळखणें यांस महत्त्व. बसलेल्या गड्यास खो केव्हां द्यावा हें ठरविण्यास क्षणाचाहि अवकाश नसतो. घाईनें दिलेला खो आणि उशिरा दिलेला खो हे दोन्ही प्रतिपक्षाच्याच पथ्यावर पडतात. जाणत्या शिक्षकाचा डोळा म्हणून वेगाइतकाच समयसूचकतेवर असतो. धांवण्यांत पांचवी येणारी पण मैदानांत कोठें मोकळी जागा आहे हें न पाहतां जाणणारी मुलगी तो आधीं उचलतो.

दुसरी गोष्ट प्रगतीची. बाराव्या वर्षीं वाऱ्यासारखी पळणारी मुलगी पंधराव्या वर्षीं मंद भासते, कारण मध्यंतरीं तिचें शरीर बदललेलें असतें. बघे तिला लगेच निकालांत काढतात. अशा वेळीं दोन वर्षें धीर धरणारा शिक्षक आणि दोन वर्षें मैदानावर जाऊं देणारें घर लाभलें, तर तीच मुलगी अठराव्या वर्षीं पूर्वींपेक्षां सरस होऊन परत येऊं शकते. न लाभलें तर शिवणाचा क्लास आणि लग्नाची बोलणी यांत तिचा खेळ संपतो. जिल्ह्यानें जिंकलेल्या ढाली मोजतांना अशा अर्ध्यांतून गेलेल्या मुली कोणी मोजीत नाहीं.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे सारिका काळे. वयाच्या तेराव्या वर्षीं ही मुलगी खोखोकडे वळली. वडील शारीरिक अपंगत्वामुळें कमावूं शकत नव्हते; आई शिवणकाम आणि घरकामें करी; घराचा भार आजीआजोबांच्या मिळकतीवर होता. तिनें स्वतःच पुढें वृत्तपत्रांस सांगितलें आहे कीं जवळजवळ दहा वर्षें दिवसाकांठीं एकच जेवण मिळे, आणि पौष्टिक अन्न तोंडीं पडे तें शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावरच. हें वाक्य वाचून आम्ही बराच वेळ थांबलों. आपण ज्या मुलीच्या पळतीचीं मिनिटें मोजत होतों, तिच्या पोटांत किती घांस गेले आहेत हें मोजण्याचें कोणा बघ्यास सुचलें होतें काय?

२०१६ सालीं घरच्या ओढाताणीनें ती इतकी खचली कीं खेळ सोडण्याचा निश्चय करून तिनें स्वतःस खोलींत कोंडून घेतलें. त्या वेळीं तिची हकीकत प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानीं घातली ती तिच्या आजीनें. जाधव यांनीं समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. त्याच २०१६ सालच्या फेब्रुवारींत गुवाहाटी येथें झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय महिलांनीं सुवर्णपदक मिळविलें होतें, आणि त्या संघाची कर्णधार हीच सारिका होती. देशाच्या संघाचें नेतृत्व करणारी मुलगी आणि भाकरीच्या काळजीनें दार लावून बसणारी मुलगी या दोघी एकाच वर्षांतल्या एकच होत्या, ही गोष्ट टाळ्या वाजविणारांनीं विसरूं नये. पुढें २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९८ सालीं कर्नाटकच्या शोभा नारायण यांस तो मिळाल्यावर बावीस वर्षें कोणाहि खोखोपटूच्या वांट्यास हा मान आला नव्हता. पुरस्कार जाहीर झाला तेव्हां सारिका तुळजापूर येथें तालुका क्रीडा अधिकारी होती.

या कथेंतील आजीकडे आम्ही वाचकांचें मुद्दाम लक्ष वेधूं इच्छितों. एकत्र कुटुंबांत नातीच्या खेळास पहिला विरोध आजीचा असतो, अशी आपली समजूत. ‘पोरीच्या जातीला उड्या कशाला,’ हें वाक्य तिच्याच तोंडीं घालण्याची आपल्याकडे चाल आहे. येथें मात्र नातीचें मन जिनें ओळखलें आणि योग्य माणसापर्यंत निरोप पोंचविला ती आजीच होती. खेळाडू घडविण्यांत प्रशिक्षकाचा वांटा मोठा खराच. पण संध्याकाळीं मुलगी घरीं आल्यावर तिचा चेहरा पाहणारें माणूस घरांतच असावें लागतें.

एका खेळाडूनें वाट पाडली कीं मागून येणारांस ती रुंद होते. नोव्हेंबर २०२२ मध्यें पुरुष व महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा याच जिल्ह्याच्या ठिकाणीं भरली, आणि दोन्ही विजेतेपदें महाराष्ट्रानें पटकाविलीं. देशभरचे संघ आपल्या गांवांत उतरलेले पाहण्याचें भाग्य त्या दिवसांत येथील लहान मुलींस लाभलें. नंतर जानेवारी २०२५ मध्यें नवी दिल्ली येथें खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा नव्या, वेगवान पद्धतीनें झाली. अंतिम सामन्यांत भारतीय महिलांनीं नेपाळचा ७८-४० असा पराभव केला. पुण्याची प्रियंका इंगळे कर्णधार असलेल्या त्या संघांत धाराशिवची अश्विनी शिंदे होती. महाराष्ट्र शासनानें विजयी संघांतील राज्याच्या खेळाडूंस प्रत्येकीं सव्वादोन कोटी रुपये आणि शासकीय नोकरी देण्याचें घोषित केलें. दिवसाकांठच्या एका जेवणापासून या आंकड्यापर्यंतचें अंतर दहा वर्षांत कापलें गेलें, याचा आनंद कोणास होणार नाहीं?

पण येथेंच सावधपणाची गरज आहे. सव्वादोन कोटी हे विश्वचषक जिंकणाऱ्या मोजक्यांचे. जिल्ह्याच्या चाचणीस येणाऱ्या शेंकडों मुलींपैकीं त्या शिखरावर एखादीच पोंचणार. ‘अल्टिमेट खोखो’ या नांवानें २०२२ सालीं सुरू झालेल्या धंदेवाईक सामन्यांत खेळाडू मोबदला देऊन घेतले गेले खरे; परंतु त्याचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे होते. तेव्हां मुलींचा खरा आधार म्हणजे नोकरी. रेल्वे, विमानतळ प्राधिकरण यांसारखीं खातीं आपले संघ बाळगतात, आणि राज्याच्या सेवेंत गुणी खेळाडूंसाठीं पांच टक्के जागा राखून ठेवण्याचें धोरण आहे. एखादी तयार झालेली मुलगी अशा खात्याकडे गेली आणि उद्यां महाराष्ट्राच्याच विरुद्ध मैदानांत उतरली, कीं आपल्याकडील बघे रुसतात. ‘आम्ही वाढविली आणि ती परक्यांची झाली,’ असें म्हणतात. हा रुसवा आम्हांस मान्य नाहीं. ज्या जिल्ह्यानें तिला दोन वेळचें जेवण देण्याची हमी घेतली नाहीं, त्यानें तिच्या नोकरीवर निष्ठेचा प्रश्न काढूं नये. सासरीं सुखानें नांदणाऱ्या लेकीचा माहेरास जसा अभिमान, तसाच हाहि असावा.

मग बघ्यांनीं आणि सुशिक्षित कुटुंबांनीं करावें तरी काय? पहिली गोष्ट अन्नाची. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या मुलीस धाप लागते तिच्यांत जिद्द नाहीं, असा शेरा मारण्यापूर्वीं तिच्या रक्ताची तपासणी झाली आहे काय हें विचारावें. विजयाच्या दिवशीं हार आणि फेटे यांवर जो खर्च होतो, त्यांतून वर्षभर दहा मुलींच्या शेंगदाणे, गूळ, अंडीं, दूध यांची सोय होऊं शकते. दुसरी गोष्ट शिक्षणाची. नोकरीच्या राखीव जागेस प्रमाणपत्राबरोबर त्या पदास ठरलेली शैक्षणिक पात्रताहि लागते. परीक्षेच्या दिवसांत स्पर्धा आली तर मागें राहिलेला अभ्यास भरून काढण्यास सुट्टींत शिकविणारे सेवानिवृत्त गृहस्थ प्रत्येक तालुक्यांत सांपडतील. आमच्या वाचकांतहि असे पुष्कळ आहेत. तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरांतील. दुसऱ्याच्या मुलीच्या पळतीवर तासभर बोलणाऱ्या किती घरांनीं आपली मुलगी मैदानावर पाठविली आहे? उन्हानें रंग काळवंडेल, गुडघे फुटतील, दहावीचे गुण घटतील, हीं आपलीं कारणें ठरलेलीं आहेत. गरिबाची मुलगी उपाशी पोटीं जें करते तें भरल्या घरांतील मुलीनें करूं नये, याला दुसरें नांव आम्हांस सुचत नाहीं. तें आळसच होय.

खोखोचा एक गुण असा कीं त्यांत कोणीहि अखेरपर्यंत एकटा धांवत नाहीं. दमलेला गडी बसलेल्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि भार त्याच्या स्वाधीन करतो. धाराशिवच्या मुलींनीं आपल्या वांट्याचें धांवणें केलें आहे. यंदांच्या चाचणीस जे वाचक मैदानाच्या कडेला उभे राहतील, त्यांनीं हातांत घड्याळ अवश्य धरावें. मात्र सामना संपल्यावर एखाद्या मुलीस, ती कितवीत शिकते आणि सकाळीं काय खाऊन आली, हेंहि विचारावें. उत्तर मिळाल्यावर पुढें काय करावें हें सांगण्याची गरज उरणार नाहीं.