स्कूल बोर्ड गेले. आता विचारायचे कुणाला?

‘स्कूल बोर्ड’ हा शब्द आमच्या लहानपणी घराघरांत होता. बोर्डाची शाळा, बोर्डाची नोकरी, बोर्डाची बदली! माझ्या आत्या अशाच एका शाळेत शिक्षिका होत्या. बदलीचा हुकूम आला की साऱ्या घराचे तोंड उतरे, आणि वडील म्हणत, ‘‘बोर्डापुढे कुणाचे चालते?’’ बोर्ड म्हणजे कुणी सर्वसत्ताधीश, अशीच आम्हां मुलांची समजूत.

पुढे वकिलीच्या निमित्ताने जुने कायदे चाळले, तेव्हा हा सत्ताधीश किती परस्वाधीन होता ते कळले. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवला होता. १९४७ च्या नव्या कायद्याने स्कूल बोर्डे राहिली, पण दोरी सरकारने आपल्या हाती घेतली. शहरातल्या बोर्डाचेच पाहा ना! शाळा चालवायच्या बोर्डाने, अंदाजपत्रक मंजूर करायचे पालिकेने, अनुदान द्यायचे सरकारने. आणि रोजचा गाडा हाकणारा प्रशासन अधिकारी सरकारी नोकर! एका सुनेला तीन सासवा असाव्यात, तसा हा संसार. मग गळक्या छपराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकाने नेमके कुणाचे दार ठोठवावे?

जे मंडळ कायद्याने जन्माला येते, ते कायद्यानेच मावळते. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यांतल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. शहरांतली शिक्षण मंडळे मात्र आणखी पन्नास वर्षे टिकली. २०१३ साली विधिमंडळाने १९४७ चा कायदाच रद्द केला. पुढे मंडळे उठली आणि शाळा पालिकांच्या शिक्षण विभागांकडे आल्या. सभासदपदासाठी चालणारी ओढाताण पाहिलेल्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. पण एक खिडकी बंद झाली, हेही खरेच.

मात्र त्याआधीच दुसरी एक खिडकी उघडली होती, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी व पालिकेच्या शाळेत ‘शाळा व्यवस्थापन समिती’ सांगितली आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणे, अनुदानाचा विनियोग पाहणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. खाजगी अनुदानित शाळांत तिला केवळ सल्ला देता येतो, आणि विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही. म्हणजे जिथे गरिबाचे मूल शिकते, तिथेच पालकाला कायद्याने सर्वांत मोठी जागा दिली आहे!

वाचकहो, आपली मुले बहुधा त्या शाळांत नसतात. पण आपल्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंची असतात. त्या बाई समितीच्या खुर्चीत बसून ‘छपराचे पैसे कुठे गेले?’ असे हक्काने विचारू शकतात. एवढी गोष्ट त्यांना सांगायला वकील लागत नाही. या दिवाळीत फराळाचे ताट देताना आपणच सांगितली तर?