गव्हाचे वावडे : एक उपेक्षित रोग

गव्हावर पडणाऱ्या तांबेरा, काणी इत्यादी रोगांविषयी ह्या मासिकात वेळोवेळी लिहून आले आहे. परंतु गव्हामुळे माणसास होणारा जो एक रोग आहे, त्याची माहिती आपल्या शेतकरी वर्गात अद्याप फारशी नाही. डॉक्टर लोक त्यास सिलियाक रोग म्हणतात. आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात महसूल खात्याच्या दप्तरात गेली. तथापि आमच्या भावाच्या नातीस हा रोग निघाल्यामुळे जी माहिती करून घेणे आम्हांस भाग पडले, ती वाचकांपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

मुलगी त्या वेळी सहा वर्षांची होती. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, हातपाय काटक्यांसारखे, शौचास वारंवार व पातळ. कोणी मुडदूस म्हणाले, कोणी जंत, कोणी दृष्ट. अंगात रक्त कमी म्हणून वर्षभर लोहाच्या गोळ्या दिल्या, पण रक्त काही वाढेना. घरी गव्हाची शेती. ‘‘पोर अशक्त आहे, तिला भाकरी नको, दूधपोळीच घाला,’’ असे म्हणून आजी मुद्दाम पोळी चुरून भरवीत असे. जो पदार्थ बाधत होता, तोच मायेने अधिक दिला जात होता!

हा रोग होतो कसा, ते पाहू. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळून धुतला असता पिठूळ भाग वाहून जातो व हातात रबरासारखा चिकट लगदा उरतो. त्यास ग्लूटेन म्हणतात. पोळी लाटताना फाटत नाही, ती ह्याच्याच योगाने. जव व राय ह्या धान्यांतही ह्याच जातीचे पदार्थ असतात. आपल्या लहान आतड्यास आतून मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात व त्यांच्या द्वारे अन्नरस रक्तात शोषला जातो. ज्याच्या प्रकृतीत ह्या रोगाचे बीज असते, त्याच्या शरीराची संरक्षक शक्ती ग्लूटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच आतड्यावर उलटते व ते अंकुर झडून सपाट होतात. मग कितीही खाल्ले तरी अंगी लागत नाही. रोग स्पर्शजन्य नाही. मात्र तो घराण्यात उतरतो. म्हणून रोग्याच्या आईबापांची व भावंडांचीही तपासणी करावी.

लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी ह्यांनी १८८८ साली ह्या रोगाचे वर्णन करून, तो बरा होणारच असेल तर आहारानेच होईल, असे मत दिले. परंतु दोष कोणत्या अन्नाचा, हे त्यांस उमगले नाही. हॉलंडमधील हेग येथील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके ह्यांस महायुद्धापूर्वीच गव्हाचा संशय आला होता. पुढे १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला. सारा देश उपाशी असता ही रोगी मुले मात्र सुधारली, आणि पाव पुन्हा येताच ती पूर्ववत आजारी पडली. १९५० साली डिके ह्यांनी आपला प्रबंध प्रसिद्ध केला.

आपल्या देशात, विशेषतः गहू खाणाऱ्या उत्तर भागात, शंभरात सुमारे एकास हा रोग असल्याचे आढळले आहे. दक्षिणेत त्याचे प्रमाण पुष्कळ कमी आहे. जुलाब प्रत्येकास होतातच असे नाही. मुलांची उंची खुंटणे, गोळ्यांनी न हटणारा पांडुरोग, तोंडास वारंवार येणारे फोड, हाडे ठिसूळ होणे, गर्भ न राहणे, ही देखील त्याची लक्षणे असू शकतात.

आता आमची चूक सांगतो. शहरातील एका ओळखीच्या गृहस्थाकडून ऐकून आम्हीच भावास सल्ला दिला की, ‘गहू बंद करून पाहा.’ सात-आठ महिने गहू बंद ठेवला, मुलीस उतारही पडला. मग खात्री करावी म्हणून रक्त तपासले, तो दोष दिसेना. रोग नाही असे समजून घरच्यांनी पुन्हा पोळी सुरू केली व दुखणे उलटले. पंचनाम्यापूर्वी जागेवरील वस्तू हलवू नये, हा नियम जन्मभर पाळणाऱ्या आम्हांस येथे तो आठवला नाही! गहू पोटात जात असतानाच ह्या तपासणीस अर्थ असतो. प्रथम रक्तातील विशिष्ट प्रतिद्रव्ये पाहतात. नंतर बहुधा दुर्बिणीने आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासतात. निदान पक्के होईपर्यंत गहू सोडू नये, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ह्या रोगावर औषध नाही. पथ्य हेच औषध, व तेही जन्मभर. पोळी, रवा, मैदा, शेवया, कुरडया, जव, सातूचे पीठ, सर्व वर्ज्य. खपली वा बन्सी गहू निर्दोष असतो, ही समजूत खोटी आहे. बाजारी हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते. उलट ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा व सर्व डाळी खुशाल खाव्यात. आपल्या पूर्वजांच्या भाकरीने येथे मोठेच साहाय्य केले आहे.

मात्र एका गोष्टीस फार जपावे. मुलीस निव्वळ ज्वारीची भाकरी देऊनही पोट बिघडे. शोध घेता कळले की, गावच्या गिरणीत गव्हामागून आमची ज्वारी दळली जात होती. तेव्हा माळ्यावरचे जाते खाली उतरवून धुतले, टाकी लावून घेतली, आणि मगच दुखणे थांबले. ज्यांच्याकडे घरघंटी आहे त्यांनी ती ह्या कामी वेगळी राखावी. चाळणी, परात व पोळपाट हीही वेगळी असावीत. मळणीयंत्र, पोती व कणगी ह्यांतूनही गव्हाची भेसळ होते, हे शेतकऱ्यास निराळे सांगणे नलगे. ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून विकण्याच्या मालात किलोमागे २० मिलीग्रॅमहून अधिक ग्लूटेन असू नये, असा सरकारी नियम आहे. ह्यावरून किती अल्प अंशास जपावे लागते, ते कळेल.

पूजेच्या प्रसादाचा शिरा ह्या मुलीने नाकारला म्हणून एकदा पाहुण्यांनी नाके मुरडली. तेव्हापासून आमच्या घरी प्रसाद राजगिऱ्याचाच होतो, व तो सर्वांस चालतो. मुलगी आता दहा वर्षांची आहे. धावते, शाळेत जाते, रक्तही भरले आहे. परंतु उंचीने ती धाकट्या बहिणीच्या बरोबरीचीच राहिली आहे. आमच्या अज्ञानाने गेलेली दोन वर्षे त्या उंचीत दिसतात. कोणा वाचकाच्या घरी असे लेकरू असल्यास त्याची तरी दोन वर्षे वाचावीत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.