जुन्या नोटांच्या प्रतिमा : पुरावा म्हणून त्यांची पारख

१८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार हिंदुस्थान सरकारकडे आला. या सरकारी नोटांवर रकमेचा उल्लेख निरनिराळ्या देशी भाषांत व लिप्यांत छापलेला आढळतो. १८६७ पासूनच्या मालिकेत चलन-परिमंडळानुसार भाषापट्ट्या बदलत. हिरव्या छटेच्या नोटांवर त्या चार झाल्या, तांबड्या छटेच्या नोटांवर आठ. लेखनपद्धतीच्या इतिहासाचे हे एक मोलाचे साधन होय. परंतु मूळ नोट सहसा हाती येत नाही; अभ्यासकास बहुधा प्रतिमेवरच विसंबावे लागते. म्हणून चांगली प्रतिमा कशास म्हणावे, याचा निर्णय आधी झाला पाहिजे.

देखणेपणा ही ती कसोटी नव्हे. आपण जो प्रश्न विचारणार, त्याचे उत्तर देण्याइतका तपशील प्रतिमेत उरला आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. उर्दूतील ‘पाँच’ आणि ‘रुपये’ या दोन्ही शब्दांत ‘पे’ हे अक्षर येते. त्याखालची तीन टिंबे मिसळून एक दिसली, तर ‘पे’चा ‘बे’ होतो. देवनागरीतील अनुस्वाराचीही हीच गत. अशा वेळी प्रतिमेचा दोष लिपीचा विशेष म्हणून नोंदला जाण्याचा धोका असतो, आणि एकदा छापून गेलेली नोंद पुढील अभ्यासक निःशंकपणे उद्धृत करीत राहतात.

इंचास ३०० बिंदू या प्रमाणात घेतलेल्या प्रतिमेत एका मिलिमीटरवर सुमारे १२ बिंदू पडतात. म्हणजे दशांश मिलिमीटर जाडीच्या रेघेच्या वाट्यास जेमतेम एक बिंदू येतो. ६०० चे प्रमाण घेतल्यास दोनाहून थोडे अधिक येतात. लहान प्रतिमा मागाहून संगणकावर मोठी केली, तर बिंदूंची संख्या वाढते, माहिती वाढत नाही. जेपेग पद्धतीत प्रतिमेचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून तपशील गाळला जातो. त्यामुळे अक्षरांच्या कडांभोवती मुळात नसलेले डाग उमटतात.

केवळ सूक्ष्मता पुरेशी नाही. जलचिन्ह पाहण्यास प्रकाश कागदाच्या मागून यावा लागतो. घड्या व टाचणीची भोके पाहण्यास तो बाजूने तिरपा पडावा लागतो. मोजपट्टी व रंगपट्टी शेजारी ठेवलेली नसेल, तर आकार व छटा यांविषयी विधान करू नये. एका बाजूसच छापलेल्या नोटेची पाठही टिपलेली असावी, कारण तेथे शिक्के वा सह्या असू शकतात. चारही कडा पूर्ण दिसाव्यात.

डाग व चिरा पुसून ‘स्वच्छ’ केलेल्या प्रतिमेविषयी विशेष सावध असावे. त्या काळी नोट टपालाने धाडताना तिचे दोन तुकडे करीत. एक पोहोचल्याची खबर आल्यावर दुसरा पाठवीत. जोडाची रेघ पुसली की नोटेच्या प्रवासाचा हा पुरावाच नाहीसा होतो.

तात्पर्य, एकच प्रतिमा एका प्रश्नास पुरेशी व दुसऱ्यास निरुपयोगी ठरू शकते. यास्तव प्रबंधात नोटेचा आधार देताना प्रतिमेचे प्रमाण, प्रकाशाची दिशा व तीवर झालेले संस्कार यांची नोंद करावी, आणि जे अक्षर प्रतिमेत निश्चित वाचता येत नाही, ते संदिग्ध म्हणूनच दाखवावे.