गडनदीच्या सोबतीनं

गडकोट चढायला जाणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ. पहाटेची एसटी पकडायची, पायथ्याच्या गावी उतरायचं, माथा गाठायचा आणि संध्याकाळी दमूनभागून घरी यायचं. पण एखाद्या नदीच्या सोबतीनं, तिच्या काठाकाठानं समुद्रापर्यंत चालत जाणारा माणूस क्वचितच भेटतो. डोंगर चढला तर तो ट्रेक, आणि खोऱ्यातून गेलं तर ते नुसतं चालणं, अशी आपली समजूत आहे. आज मी तुम्हाला अशाच एका नुसत्या चालण्याविषयी सांगणार आहे. नदी आहे आपल्या सिंधुदुर्गातली गडनदी.

परदेशात नदीकाठानं चालण्याचं केवढं कौतुक असतं! फ्रान्समध्ये लुआर नावाची नदी आहे, सुमारे हजार किलोमीटर लांबीची. तिच्या खोऱ्यात द्राक्षांचे मळे आहेत, राजेरजवाड्यांचे किल्ले आणि वाडे आहेत आणि खडकात कोरलेली घरं आहेत. फ्रान्सनं लांब पल्ल्याच्या पायवाटा आखायला घेतल्या, तेव्हा पहिली वाट १९४७ साली याच नदीच्या काठानं आखली गेली. २००० साली युनेस्कोनं या खोऱ्याचा मोठा पट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला.

आता गंमत बघा. द्राक्षमळे, किल्ले आणि गुहांमधली घरं या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्यांचं मूळ पुष्कळसं एकाच दगडात आहे. लुआरकाठी मऊ, पांढरट चुनखडीचा एक दगड मिळतो. किल्ल्यांसाठी आणि गावांसाठी तो डोंगराच्या पोटातून कापून काढला. कापून झाल्यावर मागे राहिल्या पोकळ्या. त्या पोकळ्यांत माणसांनी संसार मांडले. आत गारवा कायम टिकतो, म्हणून द्राक्षाच्या मद्याची पिंपंही तिथंच ठेवली. वर द्राक्षाचा मळा, पोटात मद्याचं कोठार आणि समोर त्याच दगडाचा किल्ला, असं ते सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला आपला जांभा आठवला.

जांभा म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मग कडक ऊन, असं चक्र लाखो वर्षं चाललं आहे. या पावसानं मूळच्या काळ्या खडकातली विरघळणारी द्रव्यं हळूहळू धुऊन नेली. मागे उरली ती मुख्यतः लोखंड आणि ॲल्युमिनियम यांची संयुगं. म्हणून याचा रंग तांबडा-जांभळट आणि अंगभर भोकं. जमिनीत असेपर्यंत तो तुलनेनं मऊ असतो, हत्यारानं कापता येतो. हवा आणि ऊन लागलं की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्यानं १८०७ साली मलबारच्या प्रवासवर्णनात या दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिलं. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट. आपले लोक त्याच्या कापलेल्या विटेला चिरा म्हणतात. चिरेबंदी वाडा हा शब्द घाटावरही सगळ्यांच्या तोंडी आहे.

गडनदी सह्याद्रीत उगम पावते, कणकवलीवरून पुढे जाते आणि मालवण तालुक्यात कालावलच्या खाडीतून समुद्राला मिळते. आम्ही दोघं मित्र कणकवली-आचरा रस्त्यावरच्या रामगडला उतरलो आणि तिथून चालायला लागलो. रामगडचा किल्ला नदीकाठच्या एका ठेंगण्या टेकडीवर आहे. झाडीत लपलेली जांभ्याची तटबंदी, बुरूज, आणि दाराशी जमिनीत उभ्या पुरलेल्या तोफा. समोर उभं राहिल्याशिवाय इथं किल्ला आहे हे कळतही नाही.

रामगडाहून पुढची वाट म्हणजे कधी गाडीरस्ता, कधी दोन गडग्यांच्या मधली पाणंद, कधी शेताचा बांध. गडगा म्हणजे दगड नुसते एकावर एक रचून केलेलं कुंपण. दगड तोच. घराची जोती, विहिरीचं बांधकाम, देवळापुढची दीपमाळ, जिथं पाहाल तिथं जांभा. खाली सपाटीला भातशेती आणि माड, उतारावर काजू आणि आंबा, आणि सगळ्यांच्या वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं, विस्तीर्ण पठार. खोऱ्याचे हे तीन मजले चालतानाच नीट समजतात. गाडीतून जाताना फक्त वळणं समजतात.

लुआरला द्राक्ष, तसा इथं काजू. हे झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते पश्चिम किनाऱ्यावर आलं आणि जांभ्याच्या उथळ मातीत असं रुजलं की परकं वाटेनासंच झालं. वेंगुर्ल्याला १९५७ साली फळसंशोधन केंद्र सुरू झालं आणि तिथल्या ‘वेंगुर्ला’ नावाच्या सुधारित जातींनी इथल्या बागांचं रूप पालटलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये या वाटेनं चालाल तर बोंडांचा गोडसर, उग्र वास तुमची सोबत करील. बी काढून घेतली की बोंडू मात्र पुष्कळदा झाडाखालीच कुजतो. पलीकडे गोव्यात त्याच बोंडूच्या रसाची फेणी होते आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. दारूचं सोडून द्या. पण एवढं रसाळ फळ मातीत जातं, याची हळहळ वाटतेच.

मसुऱ्यापाशी नदीची खाडी होते. पाणी रुंदावतं, भरती-ओहोटी जाणवू लागते, काठाला कांदळवन दिसतं. इथं दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत, दक्षिणेला भरतगड आणि उत्तरेला भगवंतगड. जुन्या गॅझेटियरमधली हकिकत अशी की, १६७० साली शिवाजी महाराजांनी मसुऱ्याचा हा डोंगर पाहिला होता, पण पाणी नसल्यामुळे तिथं किल्ला बांधण्याचा विचार सोडला. पुढे १६८० साली वाडीच्या फोंड सावंतांनी डोंगरावर विहीर खणायला घेतली. दोनशे फुटांहून अधिक खोल गेल्यावर पाणी लागलं आणि मग भरतगड उभा राहिला. सावंतांच्या या किल्ल्याला शह म्हणून १७०१ साली बावडेकरांनी पलीकडच्या काठावर भगवंतगड बांधला. मधे फक्त खाडी. खाडीतून मालाची आणि माणसांची ये-जा होई. जिचा काठ हाती, तिची वाहतूक हाती. १८१८ साली हे किल्ले इंग्रजांनी घेतले आणि तो झगडा संपला. आज भरतगडाच्या आत आंबा-काजूची खाजगी बाग आहे. तटाच्या आत झाडं, झाडांच्या सावलीत ती खोल विहीर.

डोंगरावर पाण्यासाठी एवढं खोल का जावं लागलं, याचं उत्तर मला मसुऱ्याजवळच्या एका घरात मिळालं. दुपारच्या वेळी आम्ही पाणी मागायला खळ्यात शिरलो. घरच्या आजींनी तांब्या आणि गुळाचा खडा पुढे केला आणि विचारलं, “खयसून इलात?”

“रामगडासून. चलत.”

“चलत? येष्टी चुकली काय?”

आम्ही हसलो. पाणी थंडगार होतं. विहीर उन्हाळ्यात आटते का, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, “आटना नाय. पावस सड्यार पडता, पाणी आमच्या बावडीत येता.”

भूगोलाचा एक धडा आजींनी एका वाक्यात सांगून टाकला. जांभ्याला भोकं असतात, म्हणून सड्यावर पडलेला पाऊस मुरत मुरत खाली जातो. जांभ्याच्या तळाशी चिकणमातीचा थर लागला की तो आडवा वाहतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याच्या, विहिरीच्या रूपानं बाहेर येतो. माथा कोरडा आणि पायथा ओला, ही जांभ्याची रीत. म्हणून भरतगडावर इतकं खोल खणावं लागलं आणि म्हणूनच आजींची विहीर वैशाखातही भरलेली राहिली. सडा हे या खोऱ्याचं छप्पर आहे, आणि छपरावरचं पाणी साठवणारी टाकीसुद्धा तोच.

आणि याच सड्यावर माणसाच्या फार जुन्या खुणा आहेत. २००१ साली सतीश लळीत यांनी मालवण तालुक्यातल्या हिवाळे इथली कातळशिल्पं उजेडात आणली. पुढे याच तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर मोठा समूह सापडला. जांभ्याच्या सपाट पाठीवर कोरलेल्या माणसांच्या, प्राण्यांच्या आणि कोड्यात टाकणाऱ्या आकृती. गावातले लोक त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘बावले’ म्हणून ओळखत होते. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. नऊ ठिकाणांच्या त्या यादीत सिंधुदुर्गातलं कुडोपी आहे. लुआरकाठच्या माणसांनी खडकात घरं केली, पण आपल्या जिल्ह्यातही माणूस गुहेत राहून गेला आहे. कणकवली तालुक्यातल्या कोळोशी इथल्या गुहेत राज्याच्या पुरातत्त्व विभागानं उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं मिळाली. म्हणजे आपल्या परसातली ही गोष्ट किती मागे जाते पाहा.

आता थोडं काळजीचं सांगतो. सातबाऱ्यावर सड्याची जमीन बहुधा पोटखराबा म्हणून नोंदलेली असते. खराबा म्हणजे निरुपयोगी. नोंद तशी, म्हणून वागणंही तसं. पूर्वी टिकावानं आणि कुदळीनं चिरे काढले जात. माणसाचा हात दमायचा आणि दगडाला उसंत मिळायची. यंत्रानं चिरे कापायला लागल्यापासून उसंत राहिली नाही. गावोगावच्या चिरेखाणी लांबूनच दिसतात, चौकोनी, तांबड्या, खोल. घर बांधायला चिरा हवाच. त्याबद्दल तक्रार नाही. माझंही घर चिऱ्याचंच आहे. पण कुठून किती काढायचा, याचा विचार सड्याखालच्या विहिरींकडे बघून व्हायला हवा. खाणीनं छपराचा तुकडा काढला की त्याखालच्या वाडीचं पाणी हलू शकतं, आणि कातळावर चित्र असेल तर तेही दगडाबरोबर जातं. लुआरच्या लोकांनी दगड कापून झाल्यावर उरलेल्या पोकळीचा संसार केला. आपल्या खाणींचं पुढे काय करायचं, तिथं पावसाचं पाणी साठवता येईल का, माती भरून झाडं लावता येतील का, हे गावानं खाण सुरू व्हायच्या आधी ठरवायला हवं.

२०२५ साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात आपले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग आहेत. आनंद झाला. पण समुद्रातल्या किल्ल्याला रसद पुरवणारा मुलूख मागच्या खोऱ्यांचा असतो. रामगड, भरतगड, भगवंतगड यांचं नाव त्या यादीत नाही, आणि सड्यांचंही नाही. एखाद्या खोऱ्यातून लोक चालू लागले की निदान ते नजरेत तरी राहतं.

शेवटच्या टप्प्यात खाडी तोंडवळी-तळाशीलच्या वाळूच्या लांबट पट्ट्याआडून दक्षिणेला वळते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांच्या सावलीतली वाट. तळाशीलच्या टोकाला पोचलात की समोर सर्जेकोटचा किनारा दिसतो. रामगडापासून इथवर रमतगमत दोन दिवस पुरतात.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर दुपारी कातळ तापतो. पावसाळा संपताना गेलात तर सड्यावर ‘सीतेची आसवं’ ही निळी-जांभळी इवली फुलं दिसतील, पण शेवाळावरून पाय सांभाळा. बागा आणि किल्ल्यांतल्या जागा पुष्कळदा खाजगी असतात. आत जाण्याआधी विचारा, कुणी नाही म्हणत नाही. कातळशिल्पांवर पाय देऊ नका, खडूनं रेघा ओढू नका. पाणी मागायला संकोच करू नका. आणि पाणी देणाऱ्या घरी एवढं जरूर विचारा, की वरच्या सड्याचं नाव काय. प्रत्येक सड्याला नाव असतं. ते सातबाऱ्यावर नसेल, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं. ते वहीत लिहून घ्या आणि गावच्या शाळेतल्या मुलांनाही सांगा.